पेरणी, येळवस आणि ग्रीन कार्डाचे सहा महिने

उदगीर, अहमदपूर, निलंगा या भागातून पोरांकडं अमेरिकेला गेलेल्या आईबापांचा एक ठरलेला प्रश्न असतो. "बाई, सहा महिन्यांच्या आत परत गेलं की झालं ना ओ?" जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तरी शंका मलाच विचारतात. एक तर आम्हा नवरा-बायको दोघांकडं ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना आहे, आणि दुसरं म्हणजे सरकारी नियम बारीक अक्षरासकट वाचायचा मला कंटाळा नाही. तर एकदाचं सगळं लिहून टाकते.

मुळात ग्रीन कार्ड टिकवायचा हिशेब वेगळा आणि नागरिकत्वाचा वेगळा. आपल्याकडं दोन्हींची खिचडी करतात.

नागरिकत्वाच्या अर्जासाठी ग्रीन कार्ड मिळाल्यापासून 5 वर्षं तिथलं वास्तव्य सलग असावं लागतं. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल आणि दोघं एकत्र राहत असतील, तर 3 वर्षं. आईबापांच्या बाबतीत मात्र पोरगा नागरिक असला तरी 5 वर्षंच. त्याशिवाय त्या 5 वर्षांतले निदान 30 महिने पाय प्रत्यक्ष अमेरिकेत असावे लागतात. शाळेत कसं, नाव पटावर असणं वेगळं आणि हजेरी भरणं वेगळं, तसंच हे. पटावरून नाव कमी झालं तर हजेरी कितीही असून उपयोग नाही, आणि पटावर नाव आहे म्हणून हजेरी माफ होत नाही.

समजा एखादी आजी दरवर्षी दोनदा गावाकडं येते, दर खेपेला चार महिने. एकही फेरी सहा महिन्यांची नाही. पण वर्षात अमेरिकेत राहिली चारच महिने, म्हणजे 5 वर्षांत 20. अर्ज बसत नाही. उलट एखाद्यानं 5 वर्षांत एकदाच फेरी केली, पण ती आठ महिन्यांची, तर त्याचे 30 महिने सहज भरतात आणि अडचण येते सलगपणाची. सहा महिन्यांच्या वर आणि वर्षाच्या आत बाहेर राहिलं की वास्तव्य तुटलं असं तिथलं इमिग्रेशन खातं धरूनच चालतं, आणि तुटलं नाही हे आपण दाखवून द्यायचं असतं. नोकरी तिथलीच होती, घर तिथं होतं, कुटुंब तिथंच राहिलं, इकडं नोकरी धरली नाही, असे पुरावे मागतात.

आता आईबापांकडं यातलं काय असतं? नोकरी नाही. घर पोराच्या नावावर. भाडेकरार कोण करणार, पोरगा आणि आई? म्हणून मी सगळ्यांना सांगते, पहिल्याच वर्षी तिथल्या बँकेत स्वतःच्या नावानं खातं काढा, राज्याचं ओळखपत्र काढा, टॅक्स रिटर्न भरायचं असेल तर रहिवासी म्हणूनच भरा. अनिवासी म्हणून भरलेलं रिटर्न म्हणजे आपणच लिहून दिल्यासारखं होतं, की आम्ही इथले नाही.

एक वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलं तर मग पुराव्याचा प्रश्नच राहत नाही, वास्तव्य तुटतंच. परतल्यावर निदान 4 वर्षं 1 दिवस थांबून मग अर्ज. काही वकील त्यावर आणखी सहा महिने थांबा म्हणतात, कारण मागच्या 5 वर्षांत त्या लांबलेल्या मुक्कामाचा शेवटचा तुकडा तेव्हाही दिसत असतो.

आमच्या ओळखीतले एक गुरुजी बांधाच्या भांडणापायी असेच अडकले. मोजणीची तारीख, मग हरकत, मग पुढची तारीख. हुशार माणूस, निघण्याआधीच आय-131 हा फॉर्म भरून रीएंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना घेतला होता. ते 2 वर्षांपर्यंत मिळतं, आणि अर्ज करताना माणूस अमेरिकेत असावा लागतो. दीड वर्षानं परत गेले, विमानतळावर कुणी अडवलं नाही. गुरुजी खूश. पण ते परमिट कार्ड वाचवतं, नागरिकत्वाचं घड्याळ वाचवत नाही. हे त्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी तीनदा विचारलं, "म्हंजे पहिल्यापासनं?" जवळपास पहिल्यापासूनच.

आपली खरी अडचण शेतीची आहे. हैदराबादहून जवळ पडतं म्हणून आम्ही तिकडूनच येतो, बीदर ओलांडलं की घर आल्यासारखं वाटतं. मृगाच्या तोंडावर यावं, सोयाबीन पेरून घ्यावं, ऑक्टोबरात रास करावी, इथवर सहा महिन्यांत बसतं. नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही करायची, तेही बसतं. तूर बसत नाही. हरभरा तर नाहीच. आणि येळवस, म्हणजे आमच्याकडची शेतातली वेळा अमावस्या, तीही बसत नाही. मार्गशीर्षातली अमावस्या डिसेंबरच्या मध्याआधी सहसा येत नाही, मग जूनच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या माणसानं भज्जी-अंबील खाऊन जायचं कसं? जाऊबाई दरवर्षी म्हणतात, "अवो येळवस तोंडावर आली आन् तुम्ही कुठं जायलात?" त्यांना अमेरिकेचा कायदा काय सांगू? आता आम्ही पेरणी भाच्यावर सोपवतो आणि पोळ्याच्या आसपास येतो. येळवस करूनही महिनाभर हातात राहतो.

तारखांची एक बारीक गंमत आहे. एन-400 या नागरिकत्वाच्या अर्जात मागच्या 5 वर्षांतल्या, 24 तासांपेक्षा जास्तीच्या सगळ्या परदेशफेऱ्या लिहाव्या लागतात. तिथं अमेरिका सोडल्याची तारीख हवी असते. आपण पासपोर्ट उघडून हैदराबादचा शिक्का बघतो, तो एकदोन दिवस पुढचा असतो. निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवस तिकडच्या हजेरीत धरतात, म्हणून विमानाची तिकिटं फाईलला लावून ठेवा. अर्ज 5 वर्षं पुरी व्हायच्या 90 दिवस आधी करता येतो, पण 30 महिने अर्जाच्या दिवशी भरलेले पाहिजेत.

नागरिकत्वाच्या परीक्षेला लोक उगाच घाबरतात. 20 ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांना 128 प्रश्नांतले 20 विचारतात, 12 बरोबर आले की पास. इंग्रजीतून सूट मिळायला वय 55 आणि ग्रीन कार्डाला 15 वर्षं, किंवा वय 50 आणि 20 वर्षं लागतात. साठीत कार्ड मिळालेल्यांना त्याचा काय उपयोग.

मग एवढा खटाटोप कशाला, असं आमचे सर, म्हणजे आमचे यजमान विचारतात. माझं उत्तर सरळ आहे. नागरिक झालं की गावाकडं दोन वर्षं राहा नाहीतर चार, कुणी विचारत नाही. म्हणजे उदगीरला निवांत राहायचं असेल तर आधी काही वर्षं उदगीरला कमी राहायचं. उफराटं आहे, पण आहे.

त्याची किंमत मात्र नीट समजून घ्या. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड घ्यावं लागतं. सातबारावर असलेली जमीन आपलीच राहते, वारशानं येणारीही येते. पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानंही घेता येत नाही. विकायची झाली तर इथं राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. आणि मतदान गेलं.

या शेवटच्या गोष्टीवर आमच्या घरात एकमत नाही. मी अर्ज करणार आहे. सर म्हणतात, "ग्रामपंचायतीला मत टाकायचं नाही तर मग गावात राहून करायचं काय?" त्यामुळं ते ग्रीन कार्डावरच राहणार, आणि मी नागरिक झाल्यावरसुद्धा परतीच्या तारखा मलाच मोजाव्या लागणार, त्यांच्यासाठी.