आठ कुठे गेला?

स्मरणिकेसाठी मनोगत हवं, असा निरोप आला तेव्हा मला ना मैदान आठवलं ना स्नेहसंमेलन. आठवली एक संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१.

आठवीत ऑफ तासाला गणिताचे सर वर्गात शिरले की आमचे चेहरे पडायचे. त्या दिवशी म्हणाले, "नऊ वेळा एक लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा." चौकटीच्या वहीत ओळीखाली ओळ, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली, सगळीकडे नुसते एकच एक. उभ्या रकान्यात जितके एक, तितका आकडा खाली मांडायचा. नऊपर्यंत चढायचं आणि परत उतरायचं. हातचा कुठेच नाही.

सगळ्यांचं उत्तर जुळलं. माझं आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. छडीसाठी मी आपणहून हात पुढे केला. सरांनी वही पाहिली आणि चक्क खूश झाले. घाईत मी नऊऐवजी दहा एक लिहिले होते. "आता सांग, चढताना तुझा आठ कुठे गेला?"

वर्ग सुटला तरी मी रकाने मोजत होतो. मधल्या रकान्यात दहा एक, म्हणून शून्य मांडून हातचा एक. डावीकडच्या रकान्यात नऊ, तो हातचा मिळून पुन्हा दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढचा आठ हातचा घेऊन नऊ झाला. आठ गेला नव्हता, बढती मिळाली होती त्याला!

अशा संख्यांना देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी 'डेमलो' नाव दिलं, हे सरांनीच सांगितलं. डेमलो म्हणजे जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेवरचं, मुंबईपासून ३० मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आपली डोंबिवली. जिथे आम्हाला लोकलमध्ये पाय ठेवायला जागा कशी मिळेल एवढंच सुचायचं, तिथे या माणसाला संख्या सुचल्या! 'हर्षद' हे नावही त्यांचंच : अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद संख्या. वर्गाच्या त्या नऊ एकांच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं तर येतात बरोबर १५२४१५७८९९७१०४१. म्हणजे ती डेमलोही आणि हर्षदही. तिचे मूळ अवयव तीनच : ३, ३७ आणि ३३३६६७. हा शेवटचा मूळ आहे यावर माझा बरेच दिवस विश्वास नव्हता.

पुढे हिशेबाच्याच नोकरीत आयुष्य गेलं. मध्यंतरी ऑफिसच्या संगणकावर, स्प्रेडशीटमध्ये, सहज ती संख्या टाईप केली. शेवटचे २१ गायब, जागी दोन शून्यं. पंधरा अंकांपलीकडचं तिथे टिकत नाही. मग घरी येऊन मुलीच्या जुन्या चौकटीच्या वहीत नऊ ओळी मांडल्या. या वेळी प्रत्येक ओळीतले एक बोट ठेवून मोजले.