फँटसीला एक आवाज, प्रेमकथेला दोन

ऑडिओबुक, म्हणजे वाचून ध्वनिमुद्रित केलेलं पुस्तक, ऐकायचं तर फँटसी एकाच आवाजात ऐकावी आणि प्रेमकथा दोन आवाजांत, हे माझं मत आता पक्कं झालंय.

फँटसीत नावांचाच इतका गोतावळा असतो की प्रत्येकाला वेगळा नट दिला तर डोकं गरगरतं. टोल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' नट अँडी सर्किसनं २०२१ मध्ये वाचलं. सिनेमात गॉलम हे पात्र त्यानंच केलंय, त्यामुळे गॉलम बोलला की अंगावर काटा येतो. तरी मी रॉब इंग्लिसच्या १९९० च्या वाचनाकडेच वळते. तो त्यातली गाणी चक्क गातो! फोंडा-पणजी बसमध्ये उभ्यानं ऐकतानाही मी त्या गोष्टीतल्या वाटेवर असते.

प्रेमकथेत काही ठिकाणी नायिकेचे सगळे संवाद वाचणारी बोलते, नायकाचे वाचणारा. मला दुसरी पद्धत आवडते. पुस्तकातलं एखादं प्रकरण नायिकेच्या बाजूनं सांगितलेलं असेल तर नायकाचे शब्दही वाचणारीच्याच तोंडून येतात. तो तिला कसा ऐकू येतो, हे त्यातून कळतं.

मराठी ऑडिओबुकं वाचणाऱ्यांनी आवाज जरा आवरावा, असं मनापासून वाटतं. आम्ही गोव्यात देवळाच्या मांडवात नाटकं बघत वाढलो. तिथे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावाच लागतो. इअरफोनमधला श्रोता मात्र वीतभरही लांब नसतो. 'थांब ना' हे दोन शब्द कुजबुजतच यायला हवेत, मागे सतार न वाजवता.

आणि प्रेमकथा सव्वापट वेगानं ऐकू नका. बोलण्याआधीचा थांबा त्यात चिरडला जातो.

मराठीत मूळ लिहिलेली, एकाच आवाजातली लांबलचक फँटसी कुणी ऐकली असेल तर नाव नक्की कळवा.