पाच वाजता आलेल्याला फुल हजेरी

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीच्या, बेदाण्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, करायच्या, हमाली-तोलाई वजा करायची आणि उरलेल्या रकमेचा चेक शेतकऱ्याच्या हातात द्यायचा, हेच काम. पट्टी होईपर्यंत माणूस समोरच्या बाकावर बसून असतो, चहा होतो, पावसावर बोलून होतं, आणि मग कुणीतरी त्याला सांगतं की दिवाणजी मिरजेचे ख्रिश्चन आहेत. नाव मराठी, आडनाव मराठी, बोलणं तर ऐकताच आहात, त्यामुळं आधी विश्वासच बसत नाही. मग एक प्रश्न ठरलेला असतो, शब्द थोडे इकडचे तिकडं. "दिवाणजी, तुमच्यात देवाचा कुठला गुण सगळ्यात मोठा धरत्यात?"

नातेवाईकांच्या लग्नात, मुलाच्या शाळेच्या गेटवर, सगळीकडं हा प्रश्न येतो, आणि आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकतो.

याचं पाठ उत्तर आहे: प्रीती. 'देव प्रीती आहे' हे योहानाच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात आहे, संडे स्कूलच्या भिंतीवर थर्माकोलच्या अक्षरात चिकटवलेलं असतं आणि त्यातली एक वेलांटी कायम पडलेली असते. शंभर ख्रिश्चनांना विचारा, बहुतेक जण हेच म्हणतील आणि ते खोटं बोलत नाहीत. पण माझं मत असं, की माणूस कशाला जास्त किंमत देतो हे त्याला विचारून कळत नाही, तो काय मागतो ते ऐकून कळतं.

आमच्याकडं आठवड्यातनं एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. चटया टाकतात, गाणी होतात, मग साक्ष द्यायची वेळ येते, म्हणजे देवानं काय केलं ते उभं राहून सांगायचं. तिथं देव सर्वज्ञ आहे, सर्वव्यापी आहे असलं कुणी म्हणत नाही. म्हाताऱ्या बायका म्हणतात, देव विश्वासू आहे, त्यानं सोडलं नाही. 2019 च्या पुरात सांगलीत गणपती पेठ, मारुती चौक सगळं पाण्यात होतं, तेव्हा ज्यांची घरं गेली त्यांच्या तोंडून मी 'देव सर्वशक्तिमान आहे' हे वाक्य फार ऐकलं नाही. आणि ते बरोबरच आहे, कारण शक्ती होती तर पाणी अडवलं का नाही हा प्रश्न लगेच पुढं उभा राहतो. 'सोबत होता' हे मात्र ऐकलं, आणि चिखल उपसता उपसता ऐकलं. तरुण पोरांचं वेगळं, त्यांना सामर्थ्य पाहिजे, आजार बरे करणारा, परीक्षेत पास करणारा देव पाहिजे, त्यांच्या गाण्यांत ड्रम्सही तसेच वाजतात. वयाचा भाग आहे, चालायचंच.

आमच्या आजोबांना मात्र यातलं काहीच पटलं नसतं. ते जुन्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रॉटेस्टंट पंथाच्या, वळणाचे, वान्लेस डॉक्टरांनी 1894 ला मिरजेत हॉस्पिटल काढलं त्या मिशनच्या सावलीत वाढलेले, आणि त्यांना त्या पंथाची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरावली तोंडपाठ होती. 1647 च्या सुमारास लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला जमलेल्या पाद्र्यांनी ती लिहिली. त्यात चौथा प्रश्न आहे, देव काय आहे? उत्तर असं, की देव आत्मा आहे, आणि तो आपल्या अस्तित्वात, ज्ञानात, सामर्थ्यात, पवित्रतेत, न्यायात, चांगुलपणात आणि सत्यात अनंत, सनातन आणि न बदलणारा आहे. आता मोजून बघा, त्यात प्रीती हे नावच नाही! चांगुलपणात ती येते असं जाणकार सांगतात, येत असेल, पण एवढी मोठी सभा बसली आणि भिंतीवरचं थर्माकोल कुणाला आठवलं नाही याची मला अजून गंमत वाटते. आजोबांच्या लेखी पहिला मान पवित्रतेचा. यशया संदेष्ट्याला दर्शन झालं त्यात देवदूत 'पवित्र, पवित्र, पवित्र' असं तीनदा म्हणतात, बाकी कुठल्या गुणाला बायबलमध्ये असा तिहेरी मान नाही, हे ते बोट वर करून सांगायचे आणि आम्ही पोरं गप्प बसायचो.

मला स्वतःला विचाराल तर माझं उत्तर कृपा. लायकी न बघता देणं. आणि हे सांगणारा माणूस दिवसभर दुसऱ्यांचा हिशेब लिहितो, पैशाचा फरक पडला तर रात्री आठपर्यंत बसतो, हेही लक्षात घ्या, कारण कृपा सगळ्यात आधी हिशेबाच्याच मुळावर येते.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात येशूनं सांगितलेली एक गोष्ट आहे, द्राक्षमळ्याच्या मालकाची. ती मी एकदा तासगावकडच्या एका बागायतदाराला सांगितली, त्याच्या बेदाण्याची पट्टी चालली होती तेव्हा. मालक पहाटे नाक्यावर जातो, मजूर ठरवतो, दिवसाचा एक दिनार, म्हणजे तेव्हाची एक हजेरी. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, प्रत्येक वेळी अजून माणसं आणतो, आणि शेवटी संध्याकाळी पाचला जातो तर तिथं अजून काहीजण उभेच. इथपर्यंत बागायतदार मान हलवत होता, छाटणीच्या, डिपिंगच्या दिवसात माणूस मिळत नाही म्हटल्यावर पाच खेपा काय, दहा माराव्या लागतात. मग म्हटलं, सहाला सुट्टी झाली आणि मालकानं आधी पाचवाल्यांना बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातावर पूर्ण दिनार ठेवला.

"फुल हजेरी? तासाची?"

फुल हजेरी. आणि पहाटे आलेल्यांनाही तेवढीच, ठरलेली.

तो बाकावरनं उठलाच. "असला मालक असला तर दुसऱ्या दिवशी सगळी पाचलाच येतील की वो!"

दोन हजार वर्षं झाली, पंडितांनी ग्रंथ लिहिले, पण या गोष्टीवरचा आक्षेप इतक्या नेमक्या शब्दात मी दुसरीकडं ऐकला नाही. येशूचा प्रेषित पौल, त्यालाही हाच आक्षेप ठाऊक होता, रोमकरांच्या पत्रात तो स्वतःच विचारतो की कृपा वाढावी म्हणून मग पाप करतच राहायचं का, आणि लगेच म्हणतो, कदापि नाही. म्हणजे ज्या शिकवणीवर हा प्रश्न उठतच नाही ती कृपेची शिकवण नव्हेच, असं मला वाटतं.

पण बागायतदारानं एक गोष्ट सोडून दिली, बहुतेक जण सोडतात. मालक पाचवाल्यांना विचारतो की दिवसभर इथं रिकामे का उभे, तर ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. तुम्ही सकाळी कुठल्याही नाक्यावर जाऊन बघा, टेम्पो थांबला की आधी कोण उचललं जातं. तरणी, दणकट, ओळखीची. मागं कोण राहतं? वय झालेला, पायानं अधू, दारूच्या नावानं बदनाम झालेला, नाहीतर लेकरू कडेवर असलेली बाई. पाचवाले आळशी होते असं गोष्टीत कुठंच म्हटलेलं नाही. आणि घरी चूल तर त्यांचीही पेटायची असते, तिचं तासाच्या हजेरीवर भागत नाही.

पहाटेचे लोक कुरकुरतात तेव्हा मालक म्हणतो, गड्या, तुझ्यावर मी काय अन्याय केला, ठरलेलं दिलं की नाही, मग मी दुसऱ्याला चांगलं वागवलं तर तुझ्या डोळ्यात का सलतं? इथंच मला हा गुण बाकीच्यांपेक्षा वेगळा वाटतो. देव ज्ञानी आहे म्हणून कुणी नाराज होत नाही, सर्वव्यापी आहे म्हणून कुणी रुसत नाही. कृपेवर मात्र माणूस रुसतो, म्हणजे ती दुसऱ्याला मिळाली की. योना संदेष्ट्याला देवानं निनवे शहराला ताकीद द्यायला पाठवलं, तर तो यावरच पळून गेला होता. तो मोठ्या माशाच्या पोटात होता एवढंच लोकांना ठाऊक असतं, तो पळालाच का हे त्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे. निनवेच्या लोकांना देव माफ करतो तेव्हा योना चिडून म्हणतो, मला माहीतच होतं, तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस, म्हणून तर मी पळालो होतो. देवाची स्तुती आणि तक्रार एकाच वाक्यात! त्यातले शब्दही जवळजवळ तेच आहेत जे सीनाय डोंगरावर देवानं मोशेला स्वतःची ओळख म्हणून सांगितले होते.

ही नुसती माझी आवड नाही. कॅथलिक लोकांत पोप फ्रान्सिसनी 2015 च्या डिसेंबरपासून अख्खं वर्ष दयेचं म्हणून पाळायला लावलं. प्रॉटेस्टंट पंथाचा पाया घालणारा मार्टिन ल्यूथर तर सांगतो की 'देवाचं न्यायीपण' या शब्दांचा त्याला आधी द्वेष वाटायचा, ते न्यायीपण देव फुकट देतो हे उमगलं तेव्हा कुठं सुटल्यासारखं झालं. आणि आपल्या इकडचं बघायचं तर कवी ना. वा. टिळक, 1895 ला बाप्तिस्मा घेतला, शेवटच्या वर्षांत साताऱ्यात येऊन राहिले, तिथंच 1917 ला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणायचे आणि त्यांच्या अभंगात ख्रिस्त माउली होऊन येतो. आता माउली म्हटलं की वारकऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या दुकानातले एक हमालमामा दरवर्षी वारीला जातात, त्यांना मी कृपा म्हणजे काय हे सांगायला गेलो तर ते म्हणाले, "माउली लेकराचं माप काढत न्हाई," आणि पोतं उचलून गेलेसुद्धा. देवाबद्दल त्यांचं माझं सगळं जुळतं असं नाही, पण त्या दिवशी मला पुढं बोलायला काही उरलं नाही.

राहिला न्याय. हा पुढचा प्रश्न असतोच, की मग चोराला पण माफी, खुन्याला पण माफी, असं कसं चालायचं? याचं छोटं उत्तर असं, की ख्रिस्ती श्रद्धेत माफी फुकट मिळते पण ती स्वस्त नाही, तिची किंमत क्रूसावर भरली गेली, पट्टीत ती रक्कम कुणाच्या तरी नावावर पडलेलीच आहे. मोठं उत्तर द्यायचा माझा वकूब नाही, पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, गाठा.

पण एक सांगतो. आमच्या चर्चच्या मंडळीत एक मावशी आहेत, नवरा वारल्यावर दिरांनी जमिनीतून नाव काढलं, कोर्टाच्या तारखा अजून चालू आहेत. कुठला गुण मोठा, असं एकदा प्रार्थनेत सगळ्यांना फिरून विचारलं, तेव्हा पाच-सहा जणांनी प्रीती म्हटलं, मी कृपा म्हटलं, आणि मावशी म्हणाल्या, न्याय. बायबलातली स्तोत्रं उघडून वाचा, 'परमेश्वरा, कुठवर' असं विचारणारी माणसं तिथं पानोपानी आहेत. मी त्यांना द्राक्षमळ्याची गोष्ट सांगायला गेलो नाही. पुढची तारीख कधी आहे तेवढं विचारलं, आणि त्या दिवशी दुकानातून अर्धी रजा टाकायची असं ठरवलं, कारण वकील काय बोलतो ते त्यांना नीट कळत नाही आणि कागद वाचायची मला सवय आहे.