तडा गेला, तरी पुन्हा अ‍ॅल्युमिनियमच का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना, बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडच्या, कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) शिक्का घेताना, अगदी सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा तोच प्रश्न येतो: "तुमच्या सायकलची एक फ्रेम चिरली ना? मग परत अ‍ॅल्युमिनियमच? आता तरी कार्बन फायबरची घ्यायची होतीत." उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात उत्तरं देऊन मी थकले आहे.

आधी धक्क्यांचं बघू. अ‍ॅल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं, हे मला कुणी सांगायला नको, कारण 2014 साली मीच ते छातीठोकपणे सांगत फिरत होते. तेव्हा सायकलला 23 मिलिमीटरचे टायर होते आणि त्यात 120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा. मी परीक्षा फ्रेमची घेतच नव्हते, हवेची घेत होते. उभ्या दिशेने फ्रेम दबते ती अगदी किंचित. धक्का खरा खातो तो टायर आणि थोडाफार सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी. आता 28 चे टायर आहेत आणि 70 पीएसआय. मैत्रिणीची कार्बन सायकल मी माझीच चाकं, तीच हवा लावून पानशेतपर्यंत नेली आणि आणली. पहिले दोन तास काहीही फरक कळला नाही. चौथ्या तासाला मात्र मान कमी दुखत होती. हे मी आजवर कुणापुढे कबूल केलं नव्हतं.

मग ही फ्रेम का आवडते? अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं, पण त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच. म्हणून नळीचा व्यास वाढवायचा. भिंत तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला की नळी आठपट ताठ होते, मग भिंत पातळ करत वजन उतरवता येतं. गॅरी क्लाइन या सायकल बनवणाऱ्याने 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकताना हेच सायकलीत आणलं, आणि 1998 ची टूर द फ्रान्स इटलीच्या मार्को पँटानीने अ‍ॅल्युमिनियमच्या बियांकी सायकलवर जिंकली. माझी आताची फ्रेम कारखान्यातल्या काट्यावर 1,190 ग्रॅम भरली. नळीच्या मधोमध टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखी वाजते, कारण तिथे भिंत एक मिलिमीटरसुद्धा नाही. वेल्डजवळ ती जाड होत जाते. पसरणी घाटात वळणावर सीटवरून उठून पेडल दाबलं की चाक तत्क्षणी पुढे सरकतं. पायातलं बळ मध्ये कुठे मुरत नाही. त्या एका क्षणासाठी मी पहाटे साडेतीनला उठते.

आता तड्याचं. हे मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही.

2022 चा जानेवारी. जुनी फ्रेम साडेपाच वर्षांची, 38 हजार किलोमीटर झालेले. चढावर जोर लावला की उजव्या पेडलला खालून बारीक 'कट' असा आवाज यायचा. तीन आठवडे येत होता. मी म्हटलं, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्या ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा भाग) कोरडा झालाय. काढला, ग्रीस लावलं, परत घट्ट बसवला, आवाज तसाच. पेडल बदलून पाहिले. त्या रविवारी पाचगणीहून वाईकडे उतरताना माझी सोळा वर्षांची मुलगी माझ्या मागच्या चाकाला धरून येत होती. वळणाआधी तिने ओरडून सांगितलं, "आई, तुझी सायकल बोलतेय!" मी हात हलवून तिला गप्प केलं. वेग पन्नासच्या पुढे होता.

घरी सायकल धुताना बॉटम ब्रॅकेट आणि उजवा चेनस्टे (तिथून मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) जिथे मिळतात तिथे रंगावर केसाएवढी रेघ दिसली. रंगच उडाला असेल, म्हणून मी फडकं फिरवलं आणि सायकल आत ठेवली. रात्री झोप लागली नाही.

मी भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या कास्टिंगमधल्या, म्हणजे ओतीव भागांमधल्या, चिरा शोधायच्या आणि माल रिजेक्ट करायचा, हे एकोणीस वर्षं करते आहे. सोमवारी शिफ्ट संपल्यावर नुसती फ्रेम घेऊन गेले. तेवढ्या भागावरचा रंग केमिकलने काढला. सँडपेपर लावला नाही; मऊ धातू पसरतो आणि चीर बुजून जाते. चिरेत शिरणारा लाल रंग, म्हणजे पेनिट्रंट, मारलं, पंधरा मिनिटं थांबले, क्लीनरने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून घेतलं, वर चिरेतला रंग बाहेर ओढणाऱ्या पांढऱ्या डेव्हलपरचा हलका हात फिरवला. आधी काहीच दिसेना, आणि मला सुटल्यासारखं झालं. मग वेल्डच्या कडेला एक गुलाबी ठिपका आला. त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता ते जुळले आणि लाल रेघ चेनस्टेला वळसा घालून मागे गेली. पट्टी लावली तर 17 मिलिमीटर.

माझ्याबरोबरचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, हा पीस आपण पास केला असता का?"

मी खाली बसले. चेनस्टे घाटातच सुटला असता तर मी पडले असते, आणि माझ्यावर माझी मुलगी. याच्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

फ्रेम कुठल्या कंपनीची हे विचारू नका. ती एकदा उघडलेल्या गाडीच्या दारावर आदळलेली होती. दोष एकट्या फ्रेमचा म्हणता येणार नाही. "वेल्ड मारून घ्या" असंही बऱ्याच जणांनी सुचवलं. वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो. ताकद परत आणायची तर अख्खी फ्रेम पाचशे अंशांच्या वर तापवून, विझवून, पुन्हा मंद आचेवर काही तास मुरवावी लागते. ते घरगुती काम नाही. उलट कार्बनची फ्रेम दुरुस्त होऊ शकते, आणि पोलादाची तर सहज. हा मुद्दा तुमचा.

2019 मध्ये मी एका नवख्या मुलाला म्हटलं होतं, "नीट वापर, आयुष्यभर जाईल." ते चुकीचं होतं आणि मला तेव्हाही कळायला हवं होतं. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्या खालचा भार कितीही वेळा आला तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. प्रत्येक खड्डा त्यात कुठेतरी जमा होतो, आणि पातळ नळीत लवकर.

तरी परत तीच का? मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती, हे एक. दुसरं, ही चीर बाहेरून सुरू झाली, तीन आठवडे आवाज करत राहिली आणि माझ्या हातातल्या लाल रंगाने पकडली. कार्बनचे थर आतून सुटले तर मला ते कळणार नाही. ते माझं काम नाही. अर्थात आवाज करत होती तेव्हा तरी मी कुठे ऐकलं? आणि पुढची चीर आवाज करेलच असं कुणी लिहून दिलंय? मुलगी हेच विचारते. ती आता उतारावर माझ्या मागे येत नाही, पुढे जाते.

आता दर महिन्याला सायकल उलटी करून टॉर्चने सगळे वेल्ड बघते. काल त्याच कोपऱ्यात काळी रेघ दिसली. नखाने खरवडली तर निघाली, ग्रीस होतं. तरी सोमवारी फ्रेम भोसरीला घेऊन जाते आहे.