खाली दुकान, वर घर : पेठेतल्या बांधकाम परवानगीचा माझा अनुभव

आमच्या पेठेत खाली दुकान आणि वर घर यात कुणाला काही नवल वाटत नाही. सोनार, कापडवाला, भांडीवाला, सगळे दुपारी गल्ल्यावरून उठतात आणि जिना चढून जेवायला जातात. त्यामुळे जुना वाडा उतरवून तिथेच खाली माझं मेडिकल आणि टेलर काकांचा गाळा, वर राहती जागा असं ठरलं, तेव्हा अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, म्हणणं एवढंच होतं की "जे आहे तेच पुन्हा बांधायचंय, त्यात विचारायचं काय?" अडचण इथेच होती. जे आहे ते कुठल्याच नियमावलीत बसवून बांधलेलं नव्हतं.

गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, ब वर्ग नगरपरिषदेचं. नाव मुद्दाम देत नाही. ज्यांनी मदत केली आणि ज्यांनी अडवलं, ते सगळे रोज माझ्याकडेच औषधं न्यायला येतात.

आमची जागा पेठेतल्या जागा असतात तशीच, अरुंद आणि लांबलचक. समोर २४ फूट, खोली १४० फूट. पुढे पेठेचा रस्ता, मागे बोळ, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. क्षेत्र साधारण ३१२ चौरस मीटर. हा आकडा सांगते, कारण ज्याला त्याला वर्तमानपत्रातली एकच बातमी पाठ होती की दीड हजार चौरस फुटांपर्यंत आता परवानगीच लागत नाही, आणि तीन हजारांपर्यंत दहा दिवसांत मिळते. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत नियमावली आली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तिच्यातल्या तरतुदीची ती बातमी. मुंबई आणि एमआयडीसीसारखे काही भाग सोडले तर जवळपास सगळ्या राज्याला हीच नियमावली लागू आहे. आमची जागा दोन्ही मर्यादांच्या बाहेर, तीही थोडक्यात. म्हणजे नेहमीच्या वाटेने जाणं आलं.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात नवीन काही नाही. मालमत्ता पत्रकावर अजून आजेसासऱ्यांचं नाव होतं. वारस नोंद, पुण्याच्या चुलत सासऱ्यांचं आणि दोन आत्यांचं हक्कसोडपत्र, मग भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज. आत्यांनी सही करताना एकच अट घातली, तुळशी वृंदावन मोडायचं नाही. ते आता गच्चीवर आहे.

खरी गोष्ट सुरू होते रस्त्यापासून.

माझी समजूत अशी होती की पेठ म्हणजे बाजार, तेव्हा इथे दुकानाला परवानगी असणारच. नियम तसा चालत नाही. शहराच्या विकास योजनेत आमची पेठ 'रहिवास' या पट्ट्यातच येते, जुनी दाटवस्ती म्हणून. रहिवासात पुन्हा दोन प्रकार, आर-वन आणि आर-टू. तुम्ही कुठल्या प्रकारात, हे ठरतं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. दाटवस्तीत रस्ता ९ मीटर किंवा जास्त असेल तर आर-टू, तिथे दुकानं, ऑफिसं, बँक असं बरंच काही चालतं. त्यापेक्षा कमी असेल तर आर-वन, तिथे रोजच्या गरजेच्या छोट्या दुकानांसारख्या मोजक्याच गोष्टी. शंभर वर्षं तिथे बाजार भरतो की नाही, हे विचारायला नियमावलीत जागाच नाही.

आमचा रस्ता मोजला तर साडेसात मीटर. म्हणजे बाजारपेठेच्या मधोमध असून आम्ही आर-वन? नाही, कारण विकास योजनेत तोच रस्ता ९ मीटरचा दाखवला आहे, आणि नियमात प्रस्तावित रुंदीही धरतात. फक्त ती रुंदी तुम्ही द्यायची. दोन्ही बाजूंच्या घरांनी पाऊण-पाऊण मीटर मागे सरकायचं. दुकान लावण्याचा हक्क मिळतो तो घराचा पुढचा भाग रस्त्याला देऊन. अण्णांना हे समजावताना माझी पुरती दमछाक झाली. "माझ्याच ओटीवर उभं राहून माझ्याच दुकानाची परवानगी?" असं ते म्हणाले, आणि मला त्यावर उत्तर सापडलं नाही.

पाऊण मीटर तरी ठीक होतं. पण नगरपरिषदेचा माणूस जागेवर आखणीला आला आणि त्याने टेप धरली ती समोरच्या घराच्या ओट्यापासून. तो ओटा रस्त्यावर मीटरभर पुढे आलेला आहे, हे पेठेत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण ओट्यापासून मोजलं की रस्ता साडेसहा मीटरचा होतो, त्याचा मध्य अर्धा मीटर आमच्याकडे सरकतो आणि आमची कपात पाऊण मीटरवरून सव्वा मीटरवर जाते. समोरच्याने अतिक्रमण करायचं आणि त्याची भरपाई आम्ही करायची. आमच्या इंजिनिअरने तिथल्या तिथे भांडण केलं नाही, हे त्याचं शहाणपण. त्याने सिटी सर्व्हेचा नकाशा काढला, त्यावर दोन्ही बाजूंच्या मिळकतींच्या मूळ हद्दी होत्या, आणि मध्य त्या हद्दींवरून धरावा असा लेखी अर्ज दिला. नगरपरिषदेची रचना सहायक तरुण मुलगी होती. तिने नकाशा पाहिला, पुन्हा जागेवर आली आणि या वेळी टेप ओट्याच्या आत, समोरच्यांच्या मूळ भिंतीला लावली. समोरचे काका तेव्हापासून माझ्याकडून औषधं घेत नाहीत.

म्हणून पेठेत बांधायचं असेल तर आर्किटेक्टकडे जाण्याआधी झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, आणि रस्त्याची आखणी कुठून धरली ते डोळ्यांनी पाहा. खोल्या कुठे आणि किचन कुठे याची चर्चा नंतर.

मागच्या बोळाचंही असंच. साडेचार मीटरपेक्षा अरुंद बोळ दुसऱ्यांच्या वाटेचा असेल तर त्याच्या मध्यापासून सव्वादोन मीटर अंतर सोडून तिथून आपली हद्द धरायची. बोळ तीन मीटरचा, म्हणजे तिकडेही पाऊण मीटर गेलं.

या सोडलेल्या जागेच्या बदल्यात एफएसआय मिळतो, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं त्याचा हक्क. शिवाय रस्ता ९ मीटरचा धरला की दाटवस्तीत मूळ एफएसआय दीडऐवजी दोन होतो. हे कळताच एक बिल्डर सहा मजल्यांचं रंगीत चित्र घेऊन घरी आला. कागदावर सहाशे चौरस मीटर दिसतात खरे, पण २४ फुटांच्या तोंडात पुढची मोकळी जागा, जिना, लिफ्ट, गाड्यांची वाट आणि हवा-उजेडासाठी चौक काढला की ते बसवणार कुठे? एफएसआय हा हक्क आहे, जागा नव्हे. आम्हाला तीन मजले पुरत होते. चौक मात्र आवडला मला. जुन्या वाड्यात मधोमध होताच, आणि बाजूला खिडक्या काढता येत नसल्या की नियमही शेवटी तिथेच येतो.

पार्किंगने सगळ्यात जास्त छळलं. नियमावलीत तक्ता आहे. घराच्या आकारानुसार इतक्या चारचाकी, इतक्या दुचाकी, दुकानाच्या क्षेत्रानुसार वेगळ्या. लहान गावांना त्यात थोडी सूट आहे, पण शून्य नाही. आमच्याकडे एक स्कूटर आणि एक जुनी मारुती, ती अण्णा दसऱ्याला पूजेपुरती काढतात. पण गाड्या आहेत की नाहीत हा प्रश्नच नसतो, जागा दाखवायची असते. मागच्या बोळातून गाडी वळत नाही, म्हणून वाट पेठेतूनच हवी. २४ फुटांतले दहा फूट गाडीच्या वाटेला गेले. राहिले भिंती वजा जाता तेरा फूट, आणि त्या तेरा फुटांसाठीच हा सगळा खटाटोप चालला होता.

दुकानदारी जिवंत राहते ती दर्शनी भागावर. नवीन प्लॉटवर, शंभर फूट तोंडाच्या जागेवर हा तक्ता अगदी रास्त आहे, तिथे पार्किंग नसलं तर मीच तक्रार करेन. पण पेठेत प्रत्येक घराने दहा फूट गाडीला दिले, तर रस्त्याकडेने दुकान, वाट, दुकान, वाट असंच दिसेल, आणि बाजार म्हणून जे काही आहे ते विरून जाईल. शिवाय आमच्या पेठेत लोक चालतच येतात, गाड्या बाहेर चौकात लावतात. हे मी रचना सहायक मॅडमना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे, पण माझ्यासमोर तक्ता आहे." खोटं बोलल्या नाहीत.

जिन्याचा मुद्दा मात्र त्यांचा मला पटला. जुन्या वाड्यात वर जायचा जिना दुकानातूनच होता. पहिल्या नकाशात इंजिनिअरने तो मागे ढकलला तरी दार गाळ्यातच उघडत होतं. त्यावर शेरा आला की घराची आणि दुकानाची ये-जा वेगळी हवी. खाली कापडाचं किंवा प्लॅस्टिकचं दुकान पेटलं तर वरची माणसं उतरणार कुठून? जिना गाडीच्या वाटेवर काढला आणि तो प्रश्न मिटला.

राहिले टेलर काका. त्यांचा गाळा जुन्या भाड्याचा, अण्णांच्या तरुणपणापासूनचा. त्यांना बाहेर काढायचं नाही हे घरात पक्कं होतं, आणि भाडे नियंत्रण कायदा बघता तसं ते सोपंही नव्हतं. नवीन इमारतीत तेवढाच गाळा देण्याचा नोंदणीकृत करार केला. काकांना मागच्या बोळाची बाजूही चालली असती, त्यांची गिऱ्हाइकं त्यांना शोधत येतात. तसा नकाशा दिला. शेरा आला की बोळ ९ मीटरपेक्षा कमी, त्या बाजूला दुकानाचं तोंड काढता येणार नाही. शिंप्याचं दुकान म्हणजे रोजच्या गरजेचंच, असा युक्तिवाद इंजिनिअरने करून पाहिला, पण इमारत एक, तिचा रस्ता एक, असं उत्तर मिळालं. मग तेरा फूट वाटले. सहा फूट काकांना, सात मला. काकांचा गाळा आखूड, माझं दुकान त्यांच्या पाठीमागून एल आकारात वळतं. किरकोळ औषध विक्रीच्या परवान्याला किमान १० चौरस मीटर लागतात, ते या वळणामुळे आरामात भरले. औषधांची मांडणी करायला एल आकार वाईट नाही, उलट फ्रिज आणि शेड्यूलची, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची, कपाटं गिऱ्हाइकाच्या नजरेआड राहतात.

आता साठ दिवसांबद्दल. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४५ नुसार अर्जावर साठ दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं मानता येतं, असं ऐकून आमचे हे तारखा मोजत बसले होते. पण त्याच कलमात आहे की कार्यालयाने काही विचारणा केली तर दिवस मोजायचे ते तुमचं उत्तर पोचल्यापासून. प्रत्येक त्रुटीपत्राने घड्याळ पुन्हा शून्यावर. आणि मानीव परवानगी मिळाली तरी बांधकाम नियमावलीत बसणारं हवंच, नाहीतर ती कागदी. त्यामुळे मी त्या वाटेला गेलेच नाही. त्रुटीपत्रात जितके मुद्दे, तितक्यांची उत्तरं एकाच पत्रात, त्याच क्रमाने, आवक शिक्का घेऊन. आणि ऑनलाइन अर्ज केला असला तरी कागदी फाइल कुठल्या टेबलावर आहे, हे शिपायालाच विचारायचं. त्याला कायम माहीत असतं.

चलन आलं तेव्हा विकास शुल्कात दुकानाच्या क्षेत्राचा दर घराच्या दुप्पट लावलेला. ते कायद्यातच आहे. त्यावर बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर. खाली दुकान, वर घर बांधणाऱ्याने हा हिशेब नकाशाच्या आधी करावा. नुसतं घर बांधणाऱ्या नणंदेचा आकडा ऐकून आम्ही पैसे बाजूला काढले नव्हते, हे त्यातल्या त्यात बरं.

पुढचं सुरळीत झालं. बांधकाम सुरू करायचं प्रारंभ प्रमाणपत्र मिळालं, जोत्यापर्यंत आल्यावर जोते तपासणीला त्याच मॅडम आल्या, रस्त्याकडची कपात टेप लावून पाहिली आणि वाटेची रुंदीही. वाट दोन बोटं कमी भरत होती, गिलावा व्हायच्या आधी सांगितल्याने जमवता आलं. इमारत वापरायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय दुकान सुरू करायचं नाही हा हट्ट मी धरला. पेठेत बहुतेक जण धरत नाहीत, पण मला औषध परवान्याचा अर्ज करायचा होता आणि त्यात जागेचा कागद चोख हवा होता.

रस्ता मात्र ९ मीटरचा झालेला नाही. तो कधी होईल हेही कुणी सांगत नाही, कारण प्रत्येक घर पाडून नव्याने बांधलं जाईल तेव्हाच त्याची कपात मिळते, आणि आमच्या ओळीत पुन्हा बांधणारं आमचं पहिलंच घर. त्यामुळे आम्ही तेवढे पाऊण मीटर आत आणि दोन्ही शेजारी पूर्वीच्याच जागी, असा एक कोनाडा तयार झालाय. त्या कोनाड्यात एका भाजीवाल्याने गाडा लावला, तो अर्धा टेलर काकांच्या दारात आणि अर्धा माझ्या. जागा ताबा पावतीने नगरपरिषदेला दिलेली, त्यामुळे मला त्याला हलवता येत नाही. कार्यालयात जाऊन सांगितलं तर म्हणाले, अर्ज द्या. दिलाय. गाडा अजून तिथेच आहे, आणि कोथिंबीर मात्र चांगली असते त्याच्याकडे.