वाचणारा शेजारी बसायचा तेव्हा

दरवर्षी संमेलनाची तारीख कळली की मी पहिला प्रश्न एकच विचारायचे, "यंदा मूक बैठक कुठल्या दिवशी?" भाषणं आवडायची, प्रात्यक्षिकं आवडायची, मधल्या सुट्टीत व्हरांड्यात रंगणारे वाद तर फारच आवडायचे. पण जीव अडकलेला असायचा तो त्या तीन तासांत.

आमचं मंडळ छोटं. ओपन सोर्स साधनं वापरून तांत्रिक पुस्तिका, मॅन्युअल, संदर्भग्रंथ तयार करणारी माणसं वर्षातून एकदा दोन दिवस एकत्र जमायची. कुणी प्रोग्रॅमर, कुणी पूर्णवेळ टेक्निकल रायटर, कुणी छपाईच्या धंद्यातून आलेलं, दोघं-तिघं गणिताचे प्राध्यापक. मी गेले ती कामावर पोळल्यामुळे. आठ वर्षं जपलेल्या एका पुस्तिकेच्या फायली ज्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या, त्याची नवी आवृत्ती त्या उघडेना आणि जुनी आवृत्ती नव्या संगणकावर चालेना. चारशे पानं छापील प्रत समोर ठेवून पुन्हा टाइप केली. तेव्हा एका सहकाऱ्यानं सांगितलं, साध्या मजकुराच्या फायलींत लिहिणाऱ्या लोकांचं एक संमेलन असतं, जाऊन ये एकदा.

गेले, आणि पहिल्याच दुपारी मला मूक बैठकीत बसवलं. नाव ऐकून वाटतं सगळे गप्प बसत असतील. प्रत्यक्षात गप्प बसायचं ते एकट्या लेखकानं. ज्यानं पुस्तिका लिहिली त्यानं वही-पेन घेऊन मागच्या खुर्चीवर बसायचं. ते सॉफ्टवेअर कधीही न पाहिलेला माणूस संगणकासमोर बसायचा, पुस्तिकेतलं एकेक वाक्य मोठ्यानं वाचायचा आणि जे लिहिलंय तेवढंच करायचा. लेखकानं बोलायचं नाही, हात दाखवायचा नाही, घसासुद्धा खाकरायचा नाही. दिसेल ते वहीत लिहायचं.

माझी पुस्तिका बॅकअप घेणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमची होती. वाचायला एक विद्यार्थिनी बसली. तीन पायऱ्या सुरळीत गेल्या. चौथीला तिनं वाचलं, "योग्य ती सेटिंग्ज करून पुढे जा." थांबली. पुन्हा वाचलं. "योग्य म्हणजे कुठली?" असं अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली. उत्तर माझ्या ओठांवर होतं. ते वाक्य मी लिहिलं तेव्हा मला सगळी सेटिंग्ज पाठ होती, त्यामुळे त्यात काही उणं आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. तिनं अंदाजानं एक पर्याय निवडला आणि पुढे गेली.

सातव्या पायरीवर एक कमांड होती. तिनं ती पीडीएफमधून कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवली. एरर आली. पुन्हा चिकटवली, पुन्हा तीच एरर. मग वैतागून तिनं तीच कमांड हातानं टाइप केली आणि ती बिनबोभाट चालली. खोलीतल्या जुन्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना कारण ठाऊक होतं. लाटेक या पानं जुळवणाऱ्या साधनात साध्या मजकुरात दोन हायफन लागोपाठ लिहिले की छापताना त्यांचा मिळून एक लांब डॅश होतो. सरळ अवतरणचिन्हंही वळणदार होतात. कागदावर ते देखणं दिसतं. पण कमांडला हवे असतात दोन सुटे हायफन आणि सरळ चिन्हं. कमांड नेहमी जशीच्या तशी छापणाऱ्या, म्हणजे व्हर्बेटिम चौकटीत ठेवायची, हे मी त्या दिवशी शिकले. पुढे स्फिंक्स हे पुस्तिका बनवणारं दुसरं साधन वापरायला लागले तेव्हा तिथेही नेमका हाच सापळा निघाला, आणि या वेळी मी त्यात पडले नाही.

त्या तीन तासांत माझी वही सहा पानं भरली. बैठक संपल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, मला जमलं नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटलं का?" तिची चूक नव्हती हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला. सूचना अडखळवते तेव्हा माणूस आधी स्वतःलाच दोष देतो. हे तिच्या चेहऱ्यावर पाहिलं आणि माझ्या लिहिण्याची रीत तिथून बदलली.

बैठक चालवायचे ते सर. ते कुठल्या शाळेत शिकवत नसत, पण वयानं आणि अनुभवानं सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून सगळे त्यांना सरच म्हणत. पहिल्या दिवशी संध्याकाळी ते एक गोष्ट सांगत. तीच गोष्ट, दरवर्षी, आणि आम्ही ती दरवर्षी मन लावून ऐकायचो. १९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या हातात त्यांच्याच ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. आधीची आवृत्ती धातूच्या खिळ्यांनी जुळवलेली होती, ही फोटोटाइपसेटिंगची, म्हणजे अक्षरं प्रकाशानं फिल्मवर उमटवून केलेली. आणि पानं पाहून कनूथ यांचं मन खट्टू झालं. आपलं पुस्तक असं दिसणार असेल तर पानं जुळवणारा प्रोग्रॅम आपणच लिहावा असं त्यांनी ठरवलं. थोडक्यात उरकेल असं वाटलेल्या त्या कामात जवळपास एक दशक गेलं. त्यातून टेक आलं (आमचं लाटेक त्याच्यावरच उभं आहे), आणि त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं.

गोष्ट सांगून झाली की सर पडद्यावर एक परिच्छेद उघडत आणि त्यातला अगदी शेवटचा शब्द बदलत. बदल व्हायचा पहिल्या ओळीत! टेक एकेक ओळ भरून पुढे जात नाही; सबंध परिच्छेद एकदम विचारात घेऊन ओळी कुठे तोडायच्या ते ठरवतं. ही पद्धत कनूथ आणि मायकेल प्लास यांची, १९८१ सालच्या लेखातली. दर वर्षी कुणीतरी नवखं असायचं आणि दर वर्षी त्याच्या तोंडून "अरे!" निघायचं. सर त्या एका उद्गारासाठी थांबलेले असत, असं मला नेहमी वाटायचं.

टेकच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीबरोबर पायच्या किमतीकडे एक अंक पुढे सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर तो क्रमांक थेट पाय करावा आणि मग उरलेल्या सगळ्या चुकांना वैशिष्ट्यं समजावं, असं कनूथ यांनी लिहून ठेवलं आहे. सर हे सांगत तेव्हा खोली क्षणभर शांत व्हायची.

दुसऱ्या दिवसाची सकाळ वादांची. साध्या मजकुरात शीर्षक, यादी, तक्ता दाखवायला कुठल्या खुणांत लिहावं, यावर आमच्यात पक्के गट होते. डॉकबुकवाले सगळ्यांत शिस्तीचे. १९९१ पासूनचा त्यांचा वारसा, प्रत्येक शब्द काय आहे ते सांगणारे टॅग. फाइलचं नाव वेगळं, बटणाचं नाव वेगळं, कमांड वेगळी. असाइडॉकवाले म्हणत, अर्थ तोच ठेवा, बोटांना कष्ट कमी द्या. स्टुअर्ट रॅकहॅम यांनी २००२ मध्ये ते आणलं तेच मुळी डॉकबुक सोप्या खुणांत लिहिता यावं म्हणून. २०२१ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनं आपलं सगळं डॉक्युमेंटेशन डॉकबुकमधून असाइडॉकमध्ये नेलं, तेव्हा हा गट भलताच खुशीत होता. स्फिंक्सवाल्यांकडे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं मॅन्युअल होतं, जे २००८ मध्ये लाटेक सोडून स्फिंक्सवर आलं, आणि २०१६ पासून लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, डॉक्युमेंटेशनही. मार्कडाउनवाले संख्येनं सगळ्यांत जास्त आणि वादात सगळ्यांत कमी बोलणारे. त्यांचं बहुधा काम झालेलं असायचं.

माझं मत विचाराल तर मोठ्या संदर्भपुस्तिकेला साधं मार्कडाउन पुरत नाही. २००४ च्या मूळ मार्कडाउनमध्ये तक्ते नाहीत, तळटीपा नाहीत, एका प्रकरणातून दुसऱ्या प्रकरणाकडे बोट दाखवायची नीट सोय नाही. मग प्रत्येक साधन आपापली भर घालतं, आणि एकाची फाइल दुसऱ्याला कळेनाशी होते. २०१४ मध्ये कॉमनमार्क हे मार्कडाउनचं नेमके नियम ठरवलेलं रूप आलं आणि मूळ खुणांच्या अर्थाचा घोळ बराच मिटला, पण घातलेल्या भरींचा प्रश्न उरलाच. हे मी तिथे दर वर्षी बोलले आहे. पण दोन पानांच्या मदतीसाठी मी स्वतः मार्कडाउनच वापरते, हेही त्याच दमात सांगत आले आहे.

या वादांवर उतारा म्हणून एक खेळ असायचा, कानगोष्टींसारखा. एक पान घ्यायचं आणि पॅनडॉकमधून ते मार्कडाउनचं लाटेक, लाटेकचं डॉकबुक, डॉकबुकचं पुन्हा मार्कडाउन असं फिरवून आणायचं; घरी परतलेलं पान मूळ पानाशेजारी ठेवून पाहायचं. पॅनडॉक म्हणजे या सगळ्या गटांचा दुभाष्या. तो २००६ मध्ये लिहायला घेतला जॉन मॅकफार्लेन यांनी, जे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. शीर्षकं सुखरूप परतायची, याद्या परतायच्या, तळटीपासुद्धा. घरं जोडलेले गुंतागुंतीचे तक्ते मात्र वाटेत जखमी व्हायचे. ते पाहून डॉकबुकवाले आणि मार्कडाउनवाले मांडीला मांडी लावून एकाच पडद्यावर तक्ता दुरुस्त करायला बसायचे. मला ते दृश्य अजून दिसतं.

एका वर्षी देवनागरीवर सत्र झालं, ते मी कधी विसरणार नाही. सांगणाऱ्या बाईंनी सुरुवात केली १९९१ च्या काळापासून. तेव्हा फ्रान्स वेल्टहाउस यांच्या पद्धतीनं रोमन अक्षरांत टाइप करायचं, एका प्रोग्रॅममधून ते गाळून घ्यायचं आणि मग टेककडे द्यायचं. पुढे २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक हे टेकचं नवं रूप आलं आणि युनिकोडमधली देवनागरी थेट वाचता येऊ लागली. मग बाईंनी पडद्यावर दोन शब्द लिहिले: दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. साध्या ‘र’ला हलन्त जोडून ‘य’ आणला तर रफार मिळतो. नुक्त्याच्या ‘ऱ’पासून सुरुवात केली तर आपला आडवा, पापणीसारखा र. नंतर त्यांनी फाँटच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी असं लिहिलं, आणि त्याच फाँटमधल्या ‘ल’ आणि ‘श’ यांनी आपली मराठी रूपं घेतली. शाळेच्या पाटीवर गिरवलेला ‘ल’ समोर उभा राहिला. फाँटमध्ये ती रूपं आधीपासून होती, त्यांना कुणी हाक मारली नव्हती एवढंच. शेजारी बसलेल्या एका प्रुफरीडर काकांनी चष्मा काढून पुसला.

सरांचा आणखी एक आग्रह होता. युनिक्सच्या मॅन्युअल पानांत पहिल्यापासून ‘बग्ज’ नावाचा एक भाग असतो. प्रोग्रॅमला काय जमत नाही ते त्याच्या स्वतःच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. ‘तुमच्या पुस्तिकेत हा भाग कुठाय?’ असं ते प्रत्येकाला विचारायचे. माझ्या पुस्तिकेत तो दुसऱ्या वर्षी आला. नेटवर्क तुटलं तर बॅकअप अर्धवट राहतो आणि प्रोग्रॅम तसं सांगत नाही, हे मी त्यात लिहिलं. ते वाचून एका प्रोग्रॅमरनं पुढच्या संमेलनाआधी ती चूकच दुरुस्त करून पाठवली. लिहिलेली ओळ खोडताना इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

सर आता प्रवास करत नाहीत. मूक बैठक आता मीच चालवते. मागच्या वर्षी बैठकीआधी माझी पुस्तिका पुन्हा पीडीएफ करायला घेतली. मूळ फायली जवळपास वीस वर्षांच्या, साधन किती तरी आवृत्त्या पुढे गेलेलं, तरी दोन किरकोळ इशारे सोडले तर सगळं सरळ उमटलं. मग मी सहज चौथ्या पायरीवर गिटला, म्हणजे फायलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाला, विचारलं, कुठली ओळ कुणाची. बहुतेक ओळी माझ्या, काही त्या प्रोग्रॅमरच्या, तीन त्या विद्यार्थिनीच्या. ती पुढे या पुस्तिकेची सहलेखिका झाली. आणि मधली एक ओळ सरांची, पहिल्या संमेलनाच्या रात्रीची, जुन्या भांडारातून नव्यात येताना तारखेसकट टिकलेली: "पुढे जाण्याआधी इथे थांबा. निवडलेल्या फोल्डरचं नाव मोठ्यानं वाचा."

बैठकीत वाचायला बसलेला मुलगा त्या ओळीशी आला, थांबला, आणि फोल्डरचं नाव त्यानं मोठ्यानं वाचलं. चुकीचं फोल्डर होतं. त्यानं ते बदललं आणि पुढच्या पायरीकडे वळला. मागच्या खुर्चीवर मी वहीत काहीच लिहिलं नाही.