काकूंची बाटली आणि मकराण्याची फरशी

दगडाच्या पॉलिशची कामं घेतो मी. ओट्याची चमक गेली म्हणून फोन आला की आधी विचारतो, पुसता कशाने? सिंहगड रोडच्या काकूंनी ठणकावून सांगितलं, "आमच्या घरात केमिकल येत नाही. सगळं घरी केलेलं."

स्वयंपाकघरात मोठा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, एकदम झकास. त्याला लागून पोळ्या लाटायला मुद्दाम बसवून घेतलेली पांढरी मकराण्याची, म्हणजे राजस्थानी संगमरवराची, फरशी होती. तिच्यावर मात्र निस्तेज चट्टे पडलेले, आणि एका कोपऱ्यात बाटलीच्या बुडाएवढं स्पष्ट वर्तुळ. सूनबाई म्हणाल्या, "दादा, जितकं घासतो तितके डाग वाढतात."

चट्ट्यावरून नख फिरवलं. खरखरीत लागलं. डाग दगडाच्या आत उतरतो. इथे दगडाचा वरचा थरच खाल्ला गेला होता.

बाटलीत बायो-एन्झाइम होतं, म्हणजे सालं आंबवून केलेलं पुसायचं पाणी. 1 भाग गूळ, 3 भाग लिंबा-संत्र्याची सालं, 10 भाग पाणी, तीन महिने आंबवलेलं. वास छान येत होता. माझ्याकडच्या आंबटपणा मोजायच्या पीएचच्या पट्टीवर आकडा आला तीन आणि चारच्या मध्ये, म्हणजे व्हिनेगरच्या आसपासच. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याचं आंबटाशी अजिबात जमत नाही. माझ्या पिशवीत संगमरवराचा एक कापलेला तुकडा असतो. त्याच्या खडबडीत कडेवर काकूंच्याच बाटलीतले चार थेंब टाकले आणि बॅटरी धरली. बारीक बुडबुडे उठले. काकू वाकून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं बाई, हे तर इनोसारखं!"

"मग ग्रॅनाइटला का नाही झालं?" सूनबाईंचा प्रश्न बरोबर होता. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार, त्यांना लिंबाचं सोयरसुतक नाही. तिथेही रोज आंबट फिरवलं तर वरचं सीलर, म्हणजे डाग मुरू नयेत म्हणून लावलेला थर, लवकर उतरतं, एवढंच.

चट्टे घालवायला घरगुती उपाय नाही. पाणी सोडत 800 च्या जाड डायमंड पॅडपासून 3000 च्या बारीक पॅडपर्यंत घासाई आणि वर पॉलिशची पावडर, असं संध्याकाळपर्यंत चाललं. घासून झाल्यावरही हळदीचा एक पिवळा डाग राहिला. त्यावर खाण्याच्या सोड्याचा लेप लावला तर तो लालभडक झाला! सूनबाई घाबरल्या, काकू मात्र हसल्या. हळदीला चुना लावून कुंकू करतात हे त्यांना माहीत होतं. सोडाही चुन्यासारखाच आंबटाच्या उलट, म्हणून रंग बदलतो. तो लेप पुसून दुसरा लावला, मेडिकलमधलं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडा कालवून. वर प्लास्टिक चिकटवून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायला सांगितलं. गडद दगडावर पेरॉक्साइड मी लावत नाही, रंग उतरायची भीती असते. तेलाच्या डागाला मात्र सोडा आणि पाणी एवढाच लेप पुरतो, तो सुकता सुकता तेल वर ओढून घेतो.

"मग रोज पुसायचं कशाने? रिठा चालेल?" रिठ्याचं पाणीही थोडं आंबटच असतं, संगमरवराला रोज नको. कोमट पाणी, भांड्यांच्या लिंबूविरहित साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, आणि मग कोरड्या फडक्याने पुसणं. चिंच, कोकम, ताक सांडलं तर लगेच टिपायचं. काकूंना हे फारच साधं वाटलं असावं, चेहऱ्यावरून कळत होतं. बाकीचं एन्झाइम बाथरूमच्या सिरॅमिक टाइल्सला वापरा म्हटल्यावर जरा बऱ्या झाल्या.

निघताना विचारलं, "ही बाटली आणखी कुणाला दिलीत?"

"अख्ख्या विंगला," काकू म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा ओटा कडप्प्याचा आहे. त्याला चालतं ना?"

कडप्पाही चुनखडीच. मी त्यांना तसं सांगितलं आणि लिफ्टऐवजी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर उतरलो.